परसूआप्पांचा माग

लोंढा, ता. ४ जानेवारी १९३७

चि. सौ. बायाक्का हीस सिद्रामअण्णाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व खुशाल. तिकडे निपाणीत दाजींच्या वखारीत तंबाखूचा हंगाम आणि घरभर शिंका चालू असतील.

बातमी मोठी आहे. आप्पांना जाऊन या महिन्यात वर्ष होतंय. शहापुरात आपल्या समाजाच्या नव्या इमारतीत त्यांचा माग मांडायचं ठरलं आहे, वर पाटी ‘विणकरभूषण परसूआप्पा’. अध्यक्ष परशराम स्वतः म्हणाले की, घाटाखालून अंगावरच्या कपड्यानिशी आलेला हा माणूस, पण तीस वर्षं दिवसा कुणाला रस्त्यावर दिसला नाही. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत दाराआडून मागावर धावणाऱ्या धोट्याचा आवाज. भाषण मला करायचं आहे.

रविवारी, ता. २४ ला बैलगाडी येईल. माग गेलेला आईलाही बरा. वर्षभर ती मागाच्या रिकाम्या खड्ड्याकाठी बसून असते, धड जेवत नाही. फार माया होती तिची आप्पांवर. वस्तू डोळ्यांआड झाली की जीव रमेल. तू लहानपणच्या दोन-चार आठवणी कळव. मी सहाव्या वर्षीच शिकायला इथे मामांकडे आलो आणि पुढे रेल्वेतच लागलो, त्यामुळे मजकूर तोकडा पडतो.

पत्राला उशीर झाला तरी चालेल, मायेला होऊ नये.
तुझा, सिद्राम

निपाणी, ता. ९ जानेवारी १९३७

ती. सिद्रामअण्णास बायाक्काचा शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून आधी हसू आवरेना, मग रडू आलं. यांना वाटलं, तंबाखूची धूळ गेली डोळ्यात.

आठवणी हव्यात ना, घे. आप्पा विणतच नव्हते.

मामा रेल्वेत गेले, आजोबांना मागावर बसायला घरजावई हवा होता. आप्पा जातीतले एवढं बघितलं, त्यांच्या घरात तीन पिढ्या कुणी माग पाहिला नव्हता हे नाही बघितलं. चार महिन्यांत दोन लुगड्यांचा सत्यानाश केला त्यांनी. आजोबा गेल्यावर आईनं दार लावलं आणि खड्ड्यात स्वतः पाय सोडले. बाईनं धोट्यासाठी सुताच्या कांड्या भराव्यात, मागावर बसू नये, हा आपल्या थोर समाजाचा दंडक, म्हणून दार लावून. आणि तुझे विणकरभूषण? उजाडायच्या आत कांबळं पांघरून मागच्या दारानं पसार. उचगावचं शिवार, पुढे डोंगर. कुठे मोहोळ बसलंय, कुठल्या ओहोळात खेकडे आहेत, सगळं तोंडपाठ. कुणी हाक मारली की आप्पा कामात आहेत असं दारातूनच सांगायची नेमणूक माझी. इतकं खोटं बोलले की सासरी आल्यावर खरं बोलायची सवय करावी लागली.

घरात बसून माणूस एवढा रापतो कसा, हे समाजात एकालाही सुचलं नाही. घाटाखालचा, रंगच तसा, म्हणून सगळे मोकळे. आणि आप्पा तुला भेटायला लोंढ्याला पायी यायचे, त्याचाही फार अभिमान धरू नकोस. ते रानासाठी यायचे, तू वाटेवर होतास.

आता जरा डोकं चालव. मेलेल्या माणसाचा धोटा वाजत नाही, म्हणून वर्षभर आईला मागावर बसता आलं नाही. ती आप्पांसाठी झुरत नाही अण्णा, मागासाठी झुरते. तो नेलास तर आई जगायची नाही. गाडी परत पाठव, मग भाषण हवं तेवढं लांब कर.

रागावलास तरी लोभ तेवढा शिल्लक ठेव.
तुझी, बायाक्का

लोंढा, ता. १४ जानेवारी १९३७

चि. सौ. बायाक्का हीस आशीर्वाद. आज संक्रांत आहे, म्हणून गोड लिहायचा प्रयत्न करतो. जमत नाही.

सोळा पानी भाषण तयार होतं. तुझ्या पत्रानंतर त्यातली विठ्ठल-रखुमाईला वंदनाची ओळ तेवढी खरी उरली. आप्पा वर्षातून दोनदा यायचे, हातात करवंदं नाहीतर मध. तेवढाच बाप माझ्या वाट्याला आला होता, तोही तू काढून घेतलास.

आई मागावर बसायची हे फुटलं तर समाज आपल्याला वाळीत टाकेल. तुझं काय जातंय, तू निपाणीत. शनिवारी तुझं पत्र घेऊन आईकडे जातो आणि तिलाच विचारतो. तू म्हणतेस ते खरं निघालं तर काय करायचं, मला माहीत नाही.

तिळगूळ पाठवला आहे. त्यावर भागव.
सिद्राम

शहापूर, ता. २५ जानेवारी १९३७

चि. सौ. बायाक्काला आईचा आशीर्वाद. शेजारची शालूबाई लिवतीया, मी सांगतीया.

शनवारी सिद्रामनं तुझं पत्र मला वाचून दाखवलं. रागानं वाचाय लागला, मधीच थांबून इचारलं, हे खरं हाय का? मी सांगितलं, व्हय, खरं हाय.

पर तू बापाला लई बोललीस. तुला ठावं न्हाय ते सांगते. पयल्या थंडीत ते मागावर तुरुंगात बसल्यागत बसायचे. मीच म्हटलं, उठा, तुम्ही रानात जावा, मला बसू द्या. कांड्या भरताना माझा समदा जीव त्या धोट्यात असायचा. मोकळ्या वाऱ्याचा माणूस, पर माझ्यापायी तीस वर्सं चोरावाणी मागच्या दारानं गेला. रातच्याला लुगडं सावकाराकडं पोचवलं आन् त्यानं तारीफ केली की घरी येऊन माझ्या म्होरं अक्षर न् अक्षर सांगायचे. मी मागासाठी झुरत हुते, आन् त्यांच्यासाठीबी. तू ते दोन कशाला केलंस?

काल गाडी आली. परशरामभाऊ, चार गडी, हार, आन् मागनं आपला सिद्राम, रेल्वेचा कोट घालून. मी पुढचं दार सताड उघडून मागावर बसले हुते. परशरामभाऊंनी काठ बघितला आन् म्हणाले की ह्यो तर परसूचाच हात. मी म्हटलं, माझा. मग ते सिद्रामला म्हणाले की आईला उठीव आन् माग गाडीत घाल, न्हायतर समाजाच्या पंगतीत तुमचं पान न्हाय.

मी मान वर केली न्हाय. वाटलं, आता पोरगं मला उठीवतंय. हातातल्या धोट्यातली कांडी संपली हुती. सिद्राम आत आला. कोट खुंटीला अडकवला, भुईवर बसला आन् कांडी भराय लागला. बाईमाणसाचं काम, चारचौघांच्या म्होरं. गाडी रिकामी गेली. सूत पाचदा तोडलं त्यानं, पर उठला न्हाय.

जावयांना आशीर्वाद. माया पातळ करू नगंस.
तुझी आई अंबूबाई, मागावरनं