भोपळ्याची नऊ हजार पावलं

नुवागाबा,

ही चिठ्ठी आईला दाखवू नकोस. मी दवाखान्यात पुढे गेलेय. तुझा पावलं मोजायचा पट्टा माझ्याकडे आहे, शोधत बसू नकोस.

काल नर्सचा फोन आला होता. "कॅन्सरमधून उठलेल्या आमच्या सगळ्या पोरांत तुझा भाऊ पहिला! रोज नऊ हजार पावलं दिसतात मोबाईलवर." मी अशी फुलले! मग तुझे बूट पाहिले. पहाटे एवढं दव पडतं, गोठ्यापर्यंत शेणच शेण, आणि बूट मात्र कोरे करकरीत.

हलवून ताक घुसळायच्या वाळक्या भोपळ्याला "बायकांचं काम" म्हणून कधी शिवला नाहीस, आणि आठवडाभर आईला म्हणतोस, "तू बस, मी घुसळतो." तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. आज तू तोंड धुवायला गेलास आणि भोपळ्याच्या गळ्यात पट्टा सापडला, प्रत्येक हिसक्याला एक पाऊल मोजणारा. लोणी मात्र झकास आलंय, शहाण्या.

आळस म्हणून सोडूनही दिलं असतं. पण तू आळशी नाहीस. पायरी चढताना तू भिंतीला हात लावतोस. दोन वर्षांपूर्वी, कॅन्सर कळायच्या आधीही लावायचास, आणि विचारलं की म्हणायचास, "बूट चावतोय." आम्ही तीन महिने तुझ्यासाठी नवे बूट शोधत बसलो होतो.

दहा वाजता मोटरसायकलवाला येईल. मुकाट्याने मागे बस. आईने विचारलं तर लोणी पोचवायला चाललोय म्हण.

आणि चपला घालून ये. या वेळी बुटांना दोष देऊ देणार नाही.

कोबुसिंगे