फोड आणि चूर्णाची डबी

आमगाव, डिसेंबर १९५४. बुधवार, संध्याकाळ.

इतकं डोकं फिरलंय की भात चुलीवर ठेवून लिहायला बसले.

पंधरा दिवस मामाजींचं पोट साफ होत नव्हतं. वैद्य म्हणाले, मिलचा पांढरा तांदूळ बंद करा, हातसडीचा खा, सकाळी पेज प्या, बांधापर्यंत चाला. चालणं जमलं. तांदळावर मात्र अडून बसले. "काऊन वं सूनबाई, मिलचा तांदूळ सरला का? पाहुण्याले लाल भात वाढला तं लोकं का म्हणतीन?"

मग ते शेतावर गेले की मी चोरून धान कांडायला लागले. त्याच तांदळाची पेज, वरून भरपूर ताक. ताकात रंग लपतो. असे आठ दिवस. तळहातावर फोड आले.

आज सकाळी पोट मोकळं झालं. चेहरा काय खुलला! आणि दुपारी पाहुण्यांना काय सांगावं? "गोंदियाचं चूर्ण घेतलं. एकदम बढिया!"

चूर्ण! दोनदा चिमूटभर घेऊन, कडू लागतं म्हणून ती डबी कोनाड्यात टाकलेली.

काय बोलू, आठ दिवस तुम्हाला फसवलं? ताक घालायची अक्कल कोणाची? माझीच ना? फोड माझ्या हाताला आणि कौतुक त्या डबीचं.

वर मला म्हणतात, "आता पोट बरं हाय. उद्यापासून मिलचाच भात रांधजो."

रांधीन की. फोड सुकायला चार दिवस लागतील, आणि मामाजींचं पोट बिघडायलाही तेवढेच.