एकोणीस कवितांची तपासणी

माझ्या प्रिय घुमे,

सगळ्यांत आधी आली ती काजवाली. तीनला ये म्हटलं होतं, तर ही अडीचलाच दारात. वर मलाच विचारते, अजून केस विंचरायचेत वाटतं तुझे. लिफ्ट बंद, तिचा गुडघा हा असा, तरी तीन मजले चढली आणि येता येता कोणाच्या दाराबाहेर किती चपला आहेत तेही बघून आली. कॉलरवाली उगवली साडेतीनला. तिला बोलावलं कारण ती झरझर वाचते. मी तिसरी पास, बोट ठेवून वाचते. तुझी एक कविता संपेपर्यंत माझा चहा गार होतो. त्या दोघी तुला आठवत नसतील. कपड्यांच्या कारखान्यात आम्ही सव्वीस वर्षं एका छपराखाली काढली. ती शर्टांची काजं करायची, ही कॉलर लावायची आणि मी शेवटच्या टेबलावर तपासणीला. नावं होती आम्हाला, पण तिथे कोण विचारतंय. अजूनही फोनवर काजवाली म्हणते, तपासणीबाई, जिवंत आहात का.

तुझं पाकीट आल्यापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. एकोणीस कविता, आणि त्या माझ्या नातीनं केलेल्या. लिफ्ट दुरुस्त करायला आला होता त्यालाही दाखवल्या, तो बिचारा स्क्रू तोंडात धरून मान हलवत राहिला. पण खाली तू लिहिलंस की आजी, सगळे छान छान म्हणतात आणि लगेच दुसऱ्याच विषयावर बोलायला लागतात. तू तरी खरं सांग. महिनाअखेरीला वाचनालयात पाच कविता वाचायच्या आहेत, तुला बऱ्या वाटल्या नाहीत तर नाव काढून घेते आणि वही रद्दीत घालते. ते वाचलं आणि मी पदर खोचला. म्हटलं, बघतेच कशी जाते रद्दीत.

आता तुला आमची पद्धत सांगते, म्हणजे कागदांवर हे लाल दोरे कसले लोंबताहेत ते कळेल. कारखान्यात तपासणाऱ्या बाईनं 'खराब आहे' असं म्हणायचं नाही, हा नियम. शर्टात खोट दिसली की नेमक्या त्या जागी लाल दोऱ्याची गाठ मारायची आणि जिनं शिवला तिच्याकडे परत द्यायचा. जागा दाखवता येत नसेल तर गप्प बसायचं. आणि आपण सुई घेऊन नीट करायला जायचं नाही. उसवायचं तिनं, शिवायचं तिनं. नवीन पोरी रडायच्या गाठ बघून. मी म्हणायची, अगं, बाकीचा अख्खा शर्ट सरळ आहे म्हणून तर ही एक जागा सापडली. तर कागद टोचले म्हणून चिडू नकोस. पेनापेक्षा सुई मला बरी वळते.

पहिली गाठ चंद्राला. एकोणिसांतल्या अकरा कवितांत चंद्र आहे. काजवालीनं बोटं मोजली आणि म्हणाली, हिला चंद्र घाऊक भावात मिळतो का गं. तुझ्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात, मी राहून गेलेय तिथे आठ दिवस. त्या टाक्यांवर एक ओळ नाही. दुसरी गाठ जिथे जिथे 'अनामिक वेदना' आहे तिथे. कॉलरवालीनं तीनदा वाचून दाखवलं, तरी कुठे दुखतंय ते आम्हा तिघींना कळेना. वेदनेला जागा असते, बाळा. काजवालीला विचार, ती गुडघ्याच्या वाटीवर बोट ठेवून दाखवेल.

मग एक भांडण झालं. कॉलरवालीला वाटलं, तुझ्या पावसाच्या कवितेत 'वारा'नंतर 'तारा' आला तर बरं जुळेल, म्हणून तिनं पर्समधून पेन्सिल काढून लिहूनही टाकलं. काजवाली अंगावर धावलीच. म्हणाली, सव्वीस वर्षांत दुसरीच्या शिवणीला हात लावला नाहीस आणि आज पोरीच्या कवितेला लावतेस? ती म्हणाली, मी फक्त सुचवलं. ही म्हणाली, सुचवायला तोंड असतं, पेन्सिल नसते. शेवटी खोडरबर शेजारच्यांकडून आणावा लागला. पुसलंय, पण कागद जरा काळवंडला, तेवढं समजून घे.

आता कौतुक सांगते, आणि हेही जागा दाखवून. तू काम करतेस त्या चष्म्याच्या दुकानातली कविता. नंबर तपासायला आलेले ते म्हातारे गृहस्थ, आणि तुझ्या शेवटच्या दोन ओळी:

शेवटची ओळ ते बाहेर बसून पाठ करून आले होते.
मी फक्त तक्ता बदलला.

कॉलरवालीनं हे वाचलं आणि पुढचा कागद उचललाच नाही. काजवाली, जिचं तोंड झोपेतही मिटत नाही, ती टेबलक्लॉथच्या कडेवरून नख फिरवत बसली. मग म्हणाली, मीही केलं होतं हे. कारखान्यात डोळे तपासायला आले तेव्हा बाहेर उभं राहून तक्ता पाठ केला, काजांवरून काढून गठ्ठे बांधायला पाठवतील म्हणून. माझा तक्ता कोणी बदलला नाही, म्हणून दोन वर्षं नुसत्या बोटांच्या अंदाजानं काजं केली. आणि घुमे, ती दोन वर्षं तिच्या शर्टांना रोज गाठी मी मारत होते. मनात म्हणायची, हिचं लक्ष नसतं हल्ली. त्या दिवशी माझ्यासमोर बसून ती हसत होती आणि मला कुठे बघावं कळेना. ज्या कवितेनं त्या बाईचं तोंड उघडलं, ती रद्दीत घालायचा तुला काही अधिकार नाही. वाचनालयात हीच पहिली वाच.

एक कविता उरली. 'उशीर.' ती मी त्यांना वाचू दिली नाही, चहाचं निमित्त करून काढून ठेवली. त्या गेल्यावर बोट ठेवून वाचली.

तुम्ही चंद्राकडे बघत शांत निघून गेलात, आजोबा,
आणि मी जिन्यातच होते. मला उशीर झाला.

ते गेले तेव्हा चंद्र तर नव्हताच. दुपारचे चार वाजले होते आणि खिडकीसमोर भिंत होती. शांतही नव्हते ते. उशी टोचते म्हणून नर्सशी भांडले, मोजे काढ म्हणाले, मग घाल म्हणाले. आणि दोनदा विचारलं, घुमी आली का. मी म्हटलं, निघालीये, वाटेत आहे. तू वाटेत नव्हतीस. तू तेव्हा पेपर लिहीत होतीस आणि तुला काही माहीत नव्हतं; पेपर सुटल्यावर निरोप मिळाला आणि तू जिन्यापर्यंत पोचलीस तोवर ते गेले. सोमवारीच डॉक्टर म्हणाले होते, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. तुझ्या बाबानं फोन हातात घेतला होता, तो मी काढून घेतला. म्हटलं, बुधवारी तिचा शेवटचा पेपर आहे, तो होऊ दे, हे काही इतक्यात जात नाहीत. बाबाला शपथ घातली, म्हणून तोही बोलला नाही. तेव्हापासून तीन वर्षं तू दर वेळी ताटावर बसलीस की म्हणतेस, मला उशीर झाला, आणि मी तुला पोळी वाढते. आता तेच तू कागदावर लिहिलंस, आणि लोकांसमोर उभी राहून वाचणार. ते मी होऊ देणार नाही. आमच्याकडे कधी कधी खोट शिवणाऱ्या मुलीची नसायची, कापडच चुकीचं कापून आलेलं असायचं. मग निळा दोरा बांधून ते कापणाऱ्याकडे परत जायचं. तुझ्या त्या ओळीला मी निळा बांधलाय. तुला उशीर झाला नव्हता. उशीर मी केला. हे सांगायलाच पत्र लिहायला बसले होते, बाकी सगळं हात चालू व्हावा म्हणून लिहिलं. चार दिवस लागले.

राग येईल, येऊ दे. फोन करून ओरड, नाहीतर करूच नकोस, पण नाव काढायचं नाही आणि ती कविता पुन्हा लिहायची. मला त्यात घाल, मोज्यांसकट घाल, जशी होते तशी घाल. मी सुई हातात घेणार नाही. वाचनालयात येऊन पुढच्या रांगेत बसेन आणि ऐकेन. त्या दोघींनाही हे मीच सांगणार आहे, तुझ्या तोंडून कळायच्या आधी. तसं ठरवलंय. पुढच्या गुरुवारी तीन वाजता येतो म्हणाल्यात.

तुझीच,
तपासणीवाली आजी