मोठ्या मावशीवरची रेघ

४ मे
घरी. पहिलं वर्ष संपलं एकदाचं. मंगरूळपीरच्या स्टँडवर बाबा मोटारसायकल घेऊन उभे. माझ्या डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळला. एवढा जीव, पण वाटेत कुणी विचारलं, पोरगी कायचं शिकते, तर नुसतं "पुण्याले आहे." विषय सांगतच नाहीत. त्यांचा तरी काय दोष. मानवविज्ञान म्हटलं की लोक थेट डॉक्टरच समजतात.

५ मे
जेवताना विषय निघालाच. बाबांनी वाशीमहून नर्सिंगचा फॉर्म आणून ठेवलाय. "घरून येजा करशीन. आमालेबी बरं." माझा दुसऱ्या वर्षाचा फॉर्मही याच महिन्यात भरायचा. समजावलं: सकाळी रक्तगट, अनुवंश, दुपारी लग्नाच्या रिती, लोकसंख्या, माणूस सगळीकडून एकदम पाहायचा. बाबांनी शांतपणे ऐकलं. "म्हंजे लोकाइचे सोयरे मोजाले जाशीन?" हसू आलं, रागही. खरं तर रडूच.

८ मे
सुट्टीचा प्रोजेक्ट: आपल्याच घराची तीन पिढ्यांची वंशावळ. बाई गोल, पुरुष त्रिकोण, वारलेल्यावर तिरपी रेघ. मानोऱ्याकडे मामाच्या गावी गेले. म्हटलं, मामा, तुझ्या बहिणी सांग, मोठीपासून. "चंद्रकला, वनिता, मंदा." तेवढ्यात त्याचा फोन वाजला, उठून गेला. आई राहिली होती. ती मीच घातली, सुनंदा. तिचं काय विचारायचं! वनितामावशी, मंदामावशी ओळखीच्या. पण चंद्रकला कोण? नाव कधीच ऐकलं नाही. लहानपणीच गेली असणार. रेघ मारली. विचारून कुणाला दुखवायला नको. किती समंजस मी!

१० मे
तक्ता पडवीत पसरला होता. आई कुरडयांच्या चिकाचे हात तसेच घेऊन वाकून पाहत राहिली. सातवी झालीये, सावकाश वाचते.
"ह्या गोलावर रेघ काहून?"
"वारली ना ती मावशी."
आई खालीच बसली. "चंद्रकला म्हंजे मीच व पोरी."
लग्नात नाव बदललं. माहेरी सगळे अक्का म्हणतात, सासरी सुनंदा, मग मला कळणार कसं... वर्षभर नातेसंबंध शिकले आणि सख्ख्या आईला मारून टाकलं. मी रडायला लागले, आई हसायला. मग तीही डोळे पुसत होती. "सात वर्ग झाले माहे त्या नावानं. कोणी इचारलंच नाही इतक्या वर्सात."

११ मे
रेघ खोडली. दोन गोलांचा एक केला. आई दिवसभर सांगत होती, मी लिहीत होते. लग्नात ताटातल्या तांदळात बाबांनी अंगठीनं अक्षरं काढली. स्वतःचं नवं नाव तिनं तिथे पहिल्यांदा वाचलं. बाबा दारात उभे. कुणी विचारलं नसताना म्हणाले, "मलेबी मामीनं कानात सांगतलं, तेच लिवलं म्या."
मग बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. पाणी मघाशीच दाखवलं होतं.

१४ मे
आज शेजारच्या काकूंकडून कळलं, चौकात कुणीतरी विचारलं तर बाबा म्हणाले, "माणसाचं शिकते पोरगी." बस, एवढंच. फार फार आवडलं मला. पण नर्सिंगचा फॉर्म अजून कपाटावरच आहे, आणि विचारायची हिंमत होत नाही.

१८ मे
सकाळी बाबा पेन घेऊन बसले. समोर दोन्ही फॉर्म. तिथूनच आईला आवाज दिला, "आईच्या नावाच्या रकान्यात काय लिवू व?"
कागदोपत्री सगळीकडे सुनंदाच आहे. त्यांना माहीत आहे. तरी विचारलं. इतकं प्रेम आलं बाबांचं!
आई तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नावाचं मंग पाहू. पयले हे सांगा, फॉर्म कोणता भरून राह्यले?"
बाबांनी पेनाला टोपण लावलं. अजून तसेच बसलेत. आईही सूप खाली ठेवून त्यांच्यासमोर बसलीये.