एकवीस नंबरची गाडी

३ मार्च १९९७, सोमवार

नाव खरवडून झालंसुद्धा! सकाळी गॅरेजात गेलो, तर एकवीस नंबरच्या रेसच्या गाडीवर, खिडकीच्या वर, जिथे नऊ वर्षं 'व्हर्लिन टीग' लिहिलेलं होतं तिथे नुसते सँडपेपरचे ओरखडे. मला बघून सगळ्यांना एकदम पाने-पक्कड शोधायची घाई झाली.

जूनियस फुलब्राइट म्हणजे गाडीचा मालक, सत्तरीचा, गालात कायम तंबाखू. म्हणाला, "व्हर्लिन, काल फोन करणार होतो."

"मग?"

"चर्चहून आलो, जेवलो, डोळा लागला."

डोळा लागला! नऊ वर्षं त्याच्या गाडीत घाम गाळला, दोनदा बरगड्या मोडून घेतल्या. आणि ह्याचा डोळा लागला.

गाडी चालवायला माझ्या जागी आता रॉयस प्रुइट. सत्तावीस वर्षांचा. मी त्रेचाळीस.

बायको, थेल्मा, शाळेच्या मुदपाकखान्यातल्या कामावरून घरी आली, तिने माझं तोंड बघितलं. नुसता हात धरला. बातमी तिच्या कानावर आधीच गेली असणार. ह्या गावात कशाला वेळ लागतो!

१५ मार्च, शनिवार

थेल्माच्या भावाच्या गोठ्यात त्याची जुनी रेसची गाडी ताडपत्रीखाली पडून आहे. आठ नंबर. दिवसभर तिच्याखाली आडवा होतो. चालेल. चालवीनच.

२० एप्रिल, रविवार

कोल्डवॉटरच्या ट्रॅकवर शेवटच्या फेरीपर्यंत तिसरा होतो. त्या खटाऱ्यात — तिसरा! मग आरशात एकवीस नंबर मोठा मोठा होत गेला. शेवटच्या वळणात त्याने मागून बंपर लावला, जरासाच. माझी गाडी बाहेर सरकली, तो आतून निघून गेला, त्याच्यामागून बाकीचे सगळे. एकोणिसावा आलो.

नंतर कुंपणाशी रॉयस सॉसेज खात उभा. मोठ्याने म्हणतो, "आजोबा, मधे असे बसून राहू नका हो, मागे गर्दी होते!"

सगळे हसले. मीही हसलो. हसलो त्याचंच जास्त लागतंय.

२५ मे, रविवार

बारावा. इंजिन तापलं. रॉयस पहिला. सलग तिसऱ्यांदा. हंगामाच्या गुणांमध्ये तोच सगळ्यांच्या पुढे.

८ जून, रविवार

हे इथेच लिहितो. दुसरीकडे कुठे लिहिणार?

बेल माउंटनचा ट्रॅक. एकशे दहाव्या फेरीनंतर मी त्याच्या मागे आलो. खरंच मागे — दोन हातांचं अंतर. गाडी आज गोड चालत होती. दोनदा आत घुसायला बघितलं, दोनदा त्याने वाट बंद केली. तिसऱ्यांदा त्याने खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. बाय-बाय! लहान मुलांना करतात तसा.

पुढच्या वळणाआधी ब्रेक दाबायची एक ठरलेली जागा आहे. बावीस वर्षांत पाय तिथे आपोआप जातो. आज गेला नाही. मी जाऊ दिला नाही. पाय घसरला नाही, ब्रेक मऊ पडला नाही, कुणी मागून ढकललं नाही. मी ठरवलं आणि त्याला धडक दिली.

त्याची गाडी भिंतीवर नाकावर आपटली. धूर निवळेपर्यंत मला त्याच्या खिडकीची जाळी खाली येताना दिसत नव्हती. ड्रायव्हर धड असला की आधी ती जाळी खाली टाकतो, लोकांना कळावं म्हणून. पडेना. पडेना. मग पडली. डाव्या हाताने पाडली होती.

उजवा हात त्याने पोटाशी धरलेला. भिंतीवर आदळताना स्टिअरिंग गर्रकन फिरलं आणि अंगठा मनगटासकट पिरगाळून गेलं.

अधिकाऱ्यांनी विचारलं. म्हणालो, ब्रेक लागलाच नाही. त्यांनी लिहून घेतलं.

घरी थेल्मानेही विचारलं. तिलाही तेच सांगितलं.

९ जून, सोमवार

जेवण गेलं नाही.

१२ जून, गुरुवार

रॉयसच्या मनगटात दोन खिळे. अंगठ्याचं सांगता येत नाही म्हणतात. टायरच्या दुकानात एक जण येऊन पाठीवर थाप मारून गेला — "बरी जिरवलीस पोराची!" मी म्हटलं, ब्रेक लागला नाही. तो डोळा मारून म्हणाला, "हो हो, नाहीच लागला!"

१७ जून, मंगळवार

जूनियसचा फोन. ह्या वेळी डोळा लागला नव्हता. म्हणाला, "रॉयसचे गुण जाऊ द्यायचे नाहीत. नियम तुला ठाऊक आहे. शर्यत जो सुरू करतो, गुण त्याचे. तो चार-पाच फेऱ्या कशातरी मारेल, पहिला पिवळा झेंडा पडला, सगळ्या गाड्या संथ झाल्या, की बाहेर. मग तू आत."

"मी? का?"

"मला विचारू नकोस. त्यानेच तुझं नाव घेतलं. मी तर तुला गॅरेजच्या दारात उभा करणार नव्हतो."

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणालो.

२२ जून, रविवार

कोल्डवॉटर. पाद्रीबाबांनी सगळ्यांसाठी प्रार्थना केली, टोप्या छातीवर. रॉयस माझ्या शेजारीच उभा. प्लास्टर कोपरापर्यंत. चेहरा मैद्यासारखा. म्हटलं, "दुखतंय?" म्हणाला, "नाही, नाचतोय."

सातव्या फेरीला कुणाच्या तरी गाडीने गिरकी घेतली, पिवळा झेंडा पडला. रॉयस गाडी घेऊन ट्रॅकच्या कडेला आला. दोघांनी त्याला खिडकीतून ओढून काढलं. ओठ चावून रक्त आलेलं. मी आत घुसलो, पट्टे आवळले. सीट त्याच्या मापाची, अरुंद. स्टिअरिंगवर त्याच्या डाव्या तळव्याचा ओलावा होता अजून. सात फेऱ्या एका हाताने!

बाहेर निघालो तेव्हा एक फेरी मागे, शेवटचा. अडीचशे फेऱ्यांची शर्यत. कशी चालवली, आता नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की कुणाला धक्का लावला नाही. एकालाही नाही. वाट मिळेपर्यंत थांबलो, मिळाली की गेलो. गेलेली फेरी भरून काढली. दोनशेच्या पुढे वायरलेसवर रॉयसचा आवाज आला — "तिसऱ्या वळणात आतून जाऊ नकोस, तेल आहे. बाहेरून जा. भिंतीला पाठ खाजवत जा." गेलो. बाहेरून दोघांना एकदम मागे टाकलं.

पहिला आलो!

म्हणजे रॉयस पहिला आला. पाटीवर नाव त्याचं, वहीत नाव त्याचं, गुण त्याचे. मी गाडीतून उतरून बाजूला झालो. रॉयसने डाव्या हातात माइक घेतला. "मी सात फेऱ्या चालवल्या. बाकीच्या ह्या आजोबांनी. टाळ्या त्यांना द्या." लोक उभे राहिले. थेल्मा रडत होती.

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

अकरा शर्यती अशाच. तो सुरू करतो, मी संपवतो. रॉयस प्रुइट चॅम्पियन. जूनियसने आनंदात चक्क तंबाखू गिळली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

रॉयसच्या अंगठ्याचा निकाल लागला. अंगठा मिटणार नाही. स्टिअरिंग धरता येणार नाही — पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. सत्तावीस वर्षांचा.

जूनियस म्हणाला, सोमवारी ये, करार करू. एकवीस नंबर परत तुझी.

वर्षभर हेच मागत होतो!

८ नोव्हेंबर, शनिवार

थेल्माला खरं सांगितलं. ती बराच वेळ भांडं घासत राहिली. एकच भांडं. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं त्याला सांग."

१० नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं. कागद समोर, पेन हातात, आणि जूनियसच्या तोंडावर सगळं सांगितलं. त्याने शांतपणे कागद उचलला, खणात ठेवला, खण लावला. "जा, व्हर्लिन." एवढंच.

बाहेर रॉयस आपल्या ट्रकला टेकून उभा. त्यालाही सांगितलं.

म्हणाला, "माहीत आहे. ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली बसतं. आरशात बघत होतो. तुझं बसलं नाही."

जूनपासून माहीत!

"मग मला का बोलावलंस?"

रॉयसने डाव्या हाताने ट्रकचं दार उघडलं.

"जिंकायचं होतं," म्हणाला.