टाचेभोवतीची रेघ

बाबा, आज मी एका काकांच्या पायाचं मशीन बंद केलं, आणि तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशीच बोलून राहिली. पांढुर्ण्याच्या क्लिनिकमध्ये मी फिजिओथेरपी करते. तिथं जुन्या जखमांना करंट देतो आम्ही. घाबरू नका, तुमच्या मोटारींचा नाही! इतका बारीक, की पहिल्या दिवशी काका म्हणाले, "लावलं का नाई अजून? का नुसतं फसवून राहिली?" ओली गॉजची पट्टी जखमेवर, त्यावर एक पॅड, दुसरा जरा दूर चांगल्या कातडीवर. मोटारीच्या तारा गुंडाळताना तुम्ही म्हणायचे ना, "करंटाले जायले रस्ता पायजे, अन् यायले बी." सेम तेच. आणि भारी गोष्ट सांगू? आपल्या कातडीत स्वतःचाच बारीक करंट असतो. जखम झाली की तो वाहतो आणि नव्या पेशींना रस्ता दाखवतो. जखम अडून बसली तर आपण बाहेरून मदत करायची. जादू नाही, शुगर, ड्रेसिंग सगळं सांभाळावंच लागतं. पण काही जखमा खरंच भरतात, बाबा.

सौसरच्या आपल्या मोटार-वायंडिंगच्या दुकानात तुम्ही स्टुलावर बसले आहात, टाच वर करून. मी नववीत. तुम्हाला टाचेमागची जखम दिसत नाही, शुगरमुळे दुखतही नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, दर रविवारी जखमेवर पारदर्शक प्लास्टिक धरून कडेनं रेघ काढा, वाढली तर लगेच नागपूर. मी ते प्लास्टिक ग्राफ पेपरवर ठेवून खाने मोजते. "किती, डॉक्टरीणबाई?" "नऊ." मागच्या वेळेस दहा होते. तुम्ही त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले, आईची मस्करी केली. पुढच्या रविवारी अकरा भरले. मी प्लास्टिक पुसलं आणि रेघ आत घेऊन पुन्हा काढली. "आठ." "मंग नागपूरले काऊन जायचं? एवढ्या मोटारी पडल्या हायेत." ते प्लास्टिक तुम्ही दुकानात टांगलं. येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवायचे, "पोरीनं काढलं, इंग्लिश मीडियमची हाय." त्याच्या पुढच्या रविवारी टाच काळी पडली होती. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, आधी आणायला पाहिजे होतं. तिथून तुम्ही परत आले नाहीत.

आज काका म्हणाले, "बाई, लहान झाली म्हणा न. मले जामसावळीच्या देवळाले पायी जायचं हाय." मी मोजलं. एक खाना जास्त. पेन हातात होता, बाबा, आणि काकांचं तोंड अगदी तुमच्यासारखं झालं होतं. मी म्हणाली, "वाढली, काका. मशीन बंद. आजच सर्जनकडे जायचं." "तुमचं मशीनच बेकार हाय," म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. पण मुलाच्या गाडीवर बसून गेले.

हे लिहिलेलं कुठं पाठवायचं? ग्राफच्या वहीत ठेवून देते. आई अजूनही येईल त्याला सांगते, एका आठवड्यात कशी बिघडली कोण जाणे. एक नाही, दोन आठवडे वाढत होती, बाबा. तिला मी अजून सांगितलं नाही.