तार येण्याआधीचे तिकीट

बाबा, वडशाच्या लाकूड डेपोत तुमच्या जेवणाच्या सुट्टीत आपण दोघे सागाच्या ओंडक्यावर बसून भात आणि जवसाची चटणी खातो आहोत, तो दिवस सकाळपासून डोळ्यांपुढे आहे. मी एमएस्सीला सैद्धांतिक भौतिकशास्त्र घेतले होते आणि तुमची मोजणी मला चुकीची वाटत होती. घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. "असे मोजले तर पाचवा हिस्सा लाकूड हरवते," मी म्हणाले. चूक दिसली की हात वर करायचा, ही कॉन्व्हेंटची सवय. तुम्ही हसलात. "बाई, झाड गोल रायते. फळी गोल निघते काय? साल अन् भुसा कोन घरी नेते?"

काल दादाची मुलगी आली. तिला एमएस्सीला माझाच विषय मिळाला आहे. "आत्या, याचं पुढं काय होते?" दादा मागून म्हणाला, "सांग तिले. तुह्यासारखी अर्ध्यात घरी येऊन नको बसू म्हना." मी माझ्यासोबत शिकलेल्यांचे सांगितले: एक हवामान खात्यात, एक बँकेत जोखीम मोजतो, एक परदेशात शिकवते, एकजण आजार कसा पसरेल त्याची गणिते मांडतो. "अन् तू?" तिने विचारले. मी चहा ठेवायला उठले.

तुम्हाला लकवा मारल्याची तार आली, मी संशोधन सोडून घरी आले आणि गडचिरोलीच्या कॉलेजात अकरावी-बारावीला शिकवू लागले. येईल त्याला तुम्ही अडखळत सांगायचात, "माह्यापायी पोरगी अडकली." सहा वर्षे सांगितलेत. मी शेजारी बसून ऐकत होते. बाबा, ते खरे नव्हते. माझे समीकरण आठ महिने जागचे हलत नव्हते. संशोधनाचे सर म्हणाले होते, गणित बरोबर आहे, पण त्यातून काही निघत नाही. घरी परतायला वडशाचे तिकीट मी तार येण्याच्या आठवडाभर आधीच काढले होते. तुमचे आजारपण मला सोयीचे पडले. आता हे कुणाला सांगू? तुम्ही तर ते ओझे घेऊनच गेलात.

ही चिठ्ठी कुठे जाणार नाही, माझ्या कपाटात राहील; ज्याला सापडेल त्याने एवढे करावे. माझ्यामागे पुस्तके कॉलेजच्या ग्रंथालयाला द्यावीत, आईची पितळी भांडी वहिनीला. अर्धा प्रबंध भाचीला, तिने मागितला तरच. त्याच्या पहिल्या पानावर मी लिहून ठेवले आहे, 'वडिलांच्या आजारपणामुळे अपूर्ण'. तेवढे पान फाडून मग द्यावा. काल ती गेल्यावर मी दोनदा तो प्रबंध काढून बसले होते. माझ्याने फाडवले नाही.